खिडकी क्रमांक आठशे बारा

आमच्या सोलापुरात कोण कशाकडं बघतं, हे मला विचारावं. देवळासमोरून जाताना हात जोडणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचे डोळे पलीकडच्या भिंतीवर रंगवलेल्या बिर्याणीच्या परातीवर असतात. एका गाडीवरून जाणारं जोडपं असेल तर बायको हसऱ्या बाळाकडं बघते, नवरा नटीकडं, आणि दोघांनाही वाटतं की आपण रस्त्याकडं बघतोय. शाळामास्तर वाघाकडं बघतात. का, ते मला सात वर्षांत कळलेलं नाही. वाघ त्यांच्याकडं बघतो म्हणून असेल. वर्गात तेवढंही कुणी बघत नाही.

मी महानंदा कोनापुरे, भिंत मंडळात नजर-तपासनीस. निवृत्तीला तेरा महिने उरलेत.

भिंतींचं हे खूळ आलं त्याआधी आमचं शहर दिसायला कसं होतं, ते जुन्या माणसांना विचारा. धुळीच्या रंगाच्या भिंती, त्यांवर पानाच्या पिचकाऱ्या, 'येथे लघवी करू नये' आणि त्याखाली केलेली लघवी. मग फिरता रंग आला. या रंगात खसखशीहून बारीक गोळ्या असतात आणि प्रत्येक गोळीत चार रंगांची पूड. विजेचा हलका धक्का दिला की हवा तो रंग वर येतो, बाकीचे तळाशी बसतात. एकदा वर आलेला रंग विजेशिवाय तसाच राहतो. म्हणजे भिंतीवर चित्र काढायचं नाही, भिंतीलाच सांगायचं, आज तू अमुक हो. दोन वर्षांत गिरण्यांच्या, गोदामांच्या, शाळांच्या मिळून साडेचारशे भिंती रंगल्या. चार मजली मोर, आठ मजली नटी. बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे आणि आम्ही कडेला उभे राहून, जणू ती नटी आमच्या घरातलीच आहे, अशा थाटात कौतुक ऐकून घ्यायचो.

अडचण उन्हाची. आमचं ऊन या रंगाला तीन महिन्यांत पिवळा पाडतं. मग पुन्हा वीज देऊन उजळावं लागतं. सगळ्या भिंती उजळायला वीज पुरेना. कुठलं चित्र उजळायचं आणि कुठलं जाऊ द्यायचं, यावर मंडळात चार बैठका झाल्या, दोघांचं बोलणं बंद झालं आणि शेवटी ठरलं, लोक ज्याच्याकडं बघतात ते ठेवायचं.

लोक बघतात हे भिंतीला कसं कळणार? जुन्या फोटोंत माणसांचे डोळे लाल यायचे, आठवतंय? मांजराचे अंधारात चमकतात, तोच प्रकार. डोळ्यात गेलेला उजेड आतल्या पडद्यावर पडतो आणि त्यातला थोडा आल्या वाटेनं परत फिरतो. आल्या वाटेनंच, इकडंतिकडं नाही. म्हणून भिंतीतल्या कणांनी आपल्याला न दिसणारा उजेड सोडला, तर तो परत त्याच जागी येतो जिथं डोळा रोखलेला असतो. तुम्ही बाळाकडं बघितलं तर चमक बाळाला मिळते, शेजारच्या वाघाला नाही. शिवाय डोळ्यातलं भिंग हरेकाचं वेगळं, त्यामुळं परतणाऱ्या चमकेचा ठसाही वेगळा. भिंत त्या ठशाला एक क्रमांक देते. नाव नाही, पत्ता नाही. क्रमांक आणि अर्ध्या तासाची वेळ, बस. एका माणसाची एका चित्राला दिवसाला एकच नजर धरायची. नव्वद दिवसांत नव्वद नजरा झाल्या तर चित्र राहतं. कमी पडल्या तर ती जागा पांढरी होते आणि शेजारचं जोरदार चित्र तिथं पसरतं.

दिवसाला एक नजर! इतक्या स्वस्तात जगायची सोय माणसांनाही नाही.

आता यातून गफलती निघणारच. पहिल्याच वर्षी एका नगरसेवकाच्या वडिलांच्या चित्राला रोज सकाळी दहा वाजता चाळीस जणांची एकदम नजर लागायला लागली. चौकशी केली तर ती शाळेची रांग, वाट वाकडी करून आणलेली. काढून टाकली. एका सोनाराच्या आजीला तर त्याचं अख्खं दुकान बघत होतं. काढून टाकलं. आणि सगळ्यात सोपं, म्हणजे मंडळाचे कर्मचारी. आम्ही दिवसभर भिंतीच बघतो, म्हणून नियम अकरा: कर्मचाऱ्याची नजर धरायची नाही. कायम असो, कंत्राटी असो. आमचे सगळ्यांचे ठसे आधीच घेऊन ठेवलेत आणि यंत्र ते आपोआप वगळतं.

त्या नियमात गेल्या वर्षी मल्लेशम गाजूल सापडला.

मल्लेशम पूर्वी चादरीच्या मागावर होता. माग गेले, तसा हा घरी बसला. त्याची बायको सत्तेम्मा विड्या वळायची, ती वारली. जुन्या गिरणीच्या लांबलचक भिंतीवर आमचं एक चित्र आहे, 'शहराची माणसं'. बाराशे साठ खिडक्यांची एक भलीमोठी चाळ रंगवलीय आणि प्रत्येक खिडकीत सोलापुरातलं एक खरं माणूस, लोकांनी दिलेल्या जुन्या फोटोंवरून घेतलेलं. त्यात आठशे सहा क्रमांकात सत्तेम्मा होती, मांडीवर सूप घेऊन. सुरुवातीला आपापलं माणूस शोधायला अख्खं शहर लोटलं होतं. पुढं ओसरलं. उरला मल्लेशम. तो रोज यायचा, बघायचा, जायचा. मग त्याच भिंतीवर धूळ धुणारा माणूस हवाय असं कळलं, तेव्हा त्यानं कंत्राटी काम धरलं. बायकोजवळ दिवसभर राहता येईल, हा हिशोब. कामाला लागला त्या दिवसापासून त्याची नजर बाद. पण यंत्राला ते सांगायचं कुणीतरी विसरलं आणि दोनशे चौदा नजरा चुकून धरल्या गेल्या. ती चूक मी पकडली. मला शाबासकीचं पत्रही मिळालं.

तो कार्यालयात आला होता. टोपी हातात.

"मॅडम, मी काम म्हणून बघत नाही ओ तिला. घरच्या माणसाला बघतो."

"नियमात तसं वेगळं काढलेलं नाही, मल्लेशम."

"मग काम सोडू का?"

"सोडलं तरी मागच्या नजरा बादच. आणि मुदत परवा संपते."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "बरं, पाणी चालू ठेवून आलोय," आणि गेला. पुढच्या सोमवारी सत्तेम्मा पांढरी झाली. तिच्या जागी शेजारचा आइस्क्रीमचा कोन पसरला.

मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण वाईट वाटल्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

आता आठशे बारा. त्या खिडकीत पिवळ्या साडीतली चोवीस वर्षांची एक मुलगी आहे, मान जराशी कलती, हात चौकटीवर. ती मी आहे.

त्याचं असं झालं. फोटो गोळा करायचं काम माझ्याकडं होतं आणि शेवटच्या दिवशी मोजले तर बाराशे एकोणसाठ. एक दोनदा आला होता. चित्रकार घाईत. मी पर्समधून माझा काढून दिला. पर्समध्ये का होता, असं विचाराल, तर तो कायमच असायचा. हा स्थळांना दाखवायचा फोटो. गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टुडिओत आईनं काढून घेतला होता. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोकडं लोक धड बघत नाहीत, कागदावरचा हातात धरावा लागतो, असं तिचं मत. तो पाकिटात घालून एकेका घरी जायचा, चार-आठ दिवसांनी परत यायचा, आणि आई मागच्या बाजूला पेन्सिलीनं एक रेघ मारायची. एकतीस रेघा आहेत. शेवटच्या पाच-सहा फार हलक्या हातानं मारल्यात. पुढं आई गेली, भाऊ हैदराबादला गेला, आणि त्या फोटोकडं बघणारं कुणी उरलं नाही.

आणि मग क्रमांक चाळीस हजार चारशे सतरा आला.

एप्रिलच्या अखेरीला तिमाही यादी आली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे आठशे बारा शेवटी उघडली. दर तिमाहीला नजरा घटत होत्या आणि या वेळी खिडकी जाणार, हे मी धरूनच चालले होते. आकडा होता शहाऐंशी, मुदतीला अजून सात दिवस. मी डोळे चोळले. फोड करून बघितली. इकडचेतिकडचे मिळून बावीस. आणि उरलेल्या चौसष्ट एकाच ठशाच्या. चाळीस हजार चारशे सतरा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिली नजर, आणि तिथून रोज. सकाळी सात ते साडेसात. रविवारी नाही, सुटीच्या दिवशी नाही.

म्हणजे नोकरदार. नियमाचा माणूस. रोज कामावर जाताना थांबतो आणि बाराशे साठ खिडक्यांतल्या नेमक्या एका खिडकीकडं बघतो.

मी ती यादी बंद केली, पुन्हा उघडली. वर काम करणाऱ्या फैयाज बागवानला, तो आमचा यंत्रांचा इंजिनिअर, मी विचारलं, "एखाद्या क्रमांकाचा माणूस कोण, हे काढता येतं का हो?"

"नाही मॅडम. तुम्हीच तर ते बंद करून घेतलं होतं. खासगीपणा म्हणून."

खरं होतं. तीन पानांचं टिपण लिहिलं होतं मी.

रात्री घरी फोटो काढला आणि उलटा करून एकतीस रेघा मोजल्या. एकतिसांतलं कोण? अकलूजचा प्राध्यापक होता एक. त्याच्या आईनं फोटो परत करताना सोबत पेढे पाठवले होते, म्हणजे मनात होतं पण जमलं नाही असं आईनं लावलं होतं. तो आता साठीचा असेल. रविवारी येत नाही, म्हणजे घरी बायको असेल. की विधुर, आणि रविवारी नातवंडांकडं जातो? तुमच्या लक्षात येईल की मी पाच मिनिटांत त्याचं लग्न लावलं, मोडलं आणि नातवंडंही दिली. दुसऱ्यांच्या नजरा मोजण्यात आयुष्य घालवलं की असं होतं; माणूस दिसत नाही, बाकी सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी गिरणीच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. तशीही रोज सात वाजता त्याच वाटेनं मी पायी कार्यालयात जाते, पाहणी करत. आज मात्र भिंतीकडं बघायचंच नाही असं ठरवलं. वर बघितलं तर माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळेल की ही तीच. भिंतीकडं पाठ केली, हातात वही घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे डोळे बघायला लागले.

खरं सांगू, सात वर्षांत पहिल्यांदाच मी भिंतीऐवजी माणसं बघत होते. सगळ्यांच्या माना वर. चहाच्या टपरीवरची बाकं आता रस्त्याकडं नाही, भिंतीकडं तोंड करून मांडलेली. दोन मित्र शेजारी बसून गप्पा मारत होते, एकमेकांकडं एकदाही न बघता. एक बाई मुलीची वेणी घालत होती, तिचे डोळे बाळाच्या चित्रावर आणि मुलीचे वाघावर. वेणी वाकडी झाली तरी दोघींना पत्ता नाही. आणि समोर, रस्त्यापलीकडच्या भिंतींवरची चित्रंही बदललीत, हे मला तेव्हाच ध्यानात आलं. नजर जास्त मिळावी म्हणून भिंतीनं प्रत्येक चेहऱ्याचे डोळे दर तिमाहीला थोडे थोडे मोठे केलेत. मोराचेसुद्धा. शहरभर बशीएवढे डोळे, सगळे तुमच्याकडं रोखलेले. इतकं बघणारं कुणी असल्यावर शेजारच्या माणसाकडं कोण बघणार?

साडेसात वाजले. आठशे बाराकडं कुणी बघतंय असं वाटलं नाही. कार्यालयात जाऊन नोंद बघितली. शून्य. तो आलाच नव्हता.

पहाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मी पिवळी साडी नेसले. चौथ्या दिवशी मोगऱ्याचा गजरा घेतला, आणि तो माळावा की नको यात दहा मिनिटं घालवून शेवटी पर्समध्ये ठेवला. चार दिवसांत चाळीस हजार चारशे सतरा एकदाही आला नाही. त्या चार दिवसांत प्रत्यक्ष माझ्याकडं बघितलेली माणसं दोन. एकानं बसस्टँडची वाट विचारली. दुसऱ्याला मी नटीच्या आड येत होते.

"बाजूला होताव का जरा?" तो म्हणाला.

पाचव्या दिवशी वैतागून म्हटलं, जाऊ दे. रोजच्यासारखी सात वाजता निघाले, वर बघितलं, धूळ फार बसलीय असं वहीत लिहिलं आणि कार्यालयात आले. यादी उघडली तर तो आला होता. मी शोधायला उभी राहिले की येत नाही, मी सोडून दिलं की येतो. लाजतो की काय, असं वाटून मला एकटीलाच हसू आलं. सहाव्या दिवशीही आला. फैयाजनं मला हसताना बघितलं.

"काय मॅडम, आज खूश?"

न सांगता राहवेना. सगळं नाही, पण निम्मं सांगितलं. खिडकी कुणाची ते गाळलं.

त्यानं पडदा आपल्याकडं फिरवला. "ठशाचा आकार बघू? नाव निघणार नाही, पण वयाबियाचा अंदाज येतो." दोन-तीन बटणं दाबली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे बघा. आपलं नैसर्गिक भिंग असतं ना, त्याची चमक जराशी विस्कटलेली येते. ही किती गोल आहे बघा, नाण्यासारखी. हे भिंग नाहीच, प्लॅस्टिक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय या माणसाचं. दोन्ही डोळ्यांचं. आणि नुकतंच, कारण फेब्रुवारीच्या आधी हा ठसा शहरात कुठंच नाही."

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"साठीच्या आसपासचं माणूस असणार," फैयाज पडद्याकडं बघत म्हणाला. "सुटीला येत नाही. सातला पायी. अन् गंमत म्हणजे हा फक्त त्या खिडकीकडं बघत नाही, रोज शंभरेक खिडक्या बघतो, आपले तपासनीस बघतात तशा. फक्त आठशे बाराला थांबतो जरा..." तो थांबला. मग सावकाश माझ्याकडं वळला. माझ्या डोळ्यांकडं. जानेवारीपर्यंत जिथं जाड चष्मा असायचा तिथं.

डोळ्यांचं ऑपरेशन मी जानेवारीत, गड्ड्याची जत्रा संपल्यावर करून घेतलं होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कामावर हजर झाले. कर्मचाऱ्यांसाठी आमचा एक अर्ज आहे: 'चष्म्याचा क्रमांक बदलल्यास ठसा नव्यानं नोंदवावा.' मला चष्माच उरला नव्हता, म्हणून मी तो भरला नाही. त्या अर्जाचा मसुदा माझाच. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला खुलासा मागितला असता. यंत्रानं जुना ठसा वगळायचं चालू ठेवलं आणि नव्या भिंगातून बघणाऱ्या मला शहरातली नवी नागरिक समजून नवा क्रमांक दिला.

चार दिवस भिंतीकडं पाठ करून मी माझीच वाट बघत होते.

"मॅडम," फैयाज हळूच म्हणाला, "पाणी आणू?"

"नको."

"आठशे बारा कोण आहे?"

"मी."

त्यानं पडदा बंद केला. मग म्हणाला, "राहू द्या ना तसंच. कुणाला कळणारे? मी काही बोलणार नाही. इतर बाराशे खिडक्यांना काही तुमची एक नजर धरून फरक पडत नाही. पडतो तो या एकीलाच. किती झाल्यात?"

"नव्वद. आजची धरून. बरोबर नव्वद."

"मग झालं की! उद्या मुदत. खिडकी राहिली."

चोवीस माणसांनी बघितलं होतं आणि सहासष्ट वेळा मी.  फैयाजचं म्हणणं बरोबर होतं, कुणाला कळलं नसतं. आठशे सहाच्या वेळी मल्लेशमचंही कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. तो तर दुसऱ्या माणसाकडं बघत होता. त्याच्या दोनशे चौदा नजरा खोडणाऱ्या हातानं मी स्वतःकडं बघितलेल्या सहासष्ट राखून ठेवायच्या?

आणि दुसरंही होतं. ज्याच्यासाठी खिडकी राहावी असं गेला आठवडाभर वाटत होतं, तो माणूस नव्हताच. अकलूजचा प्राध्यापक खुशाल अकलूजला असेल.

मी अर्ज काढला, चष्म्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, नवा ठसा दिला. यंत्रानं मागच्या सगळ्या नजरा आपोआप काढल्या. शेरा मी लिहिला: 'नियम अकरा.' फैयाजनं मान फिरवली होती.

पांढरं करायचं काम सकाळी दहाला होतं. एरवी मी त्याला हजर राहत नाही. यादी पाठवली की झालं. त्या दिवशी गेले. मे महिन्याचं ऊन चढलेलं. मल्लेशम मोठ्या शिडीवरून भिंत धूत खाली उतरत होता. आइस्क्रीमच्या कोनापाशी आला तसा त्यानं पाण्याचा जोर कमी केला आणि एका ठरावीक जागी, कोनाच्या मधोमध, हातानं अलगद फडकं फिरवलं. लहान मुलाचं तोंड पुसतात तसं.

मला बघून तो खाली आला. "काय बघूलालाव मॅडम? चूक झाली का माझी?"

"नाही. तिथं फडकं का फिरवलं?"

"तिथं सत्तेम्मा होती की. सूप इथपर्यंत यायचं तिचं." त्यानं कोनाच्या कडेला बोट लावलं. "आता स्ट्रॉबेरी आलीय. पण जागा तीच ना. मी रोज बघतो. भिंतीला वाटत असंल, या म्हाताऱ्याला आइस्क्रीम लई आवडतंय."

"भिंतीला काही वाटत नाही. तुझी नजर धरत नाहीत."

"ते आहेच म्हणा." तो हसला. मला वाटलं होतं आता तो काहीतरी बोलेल. वर्षभर साठवून ठेवलं असेल ते. पण त्यानं फडकं पिळलं फक्त. "आज कोण चाललंय?"

"आठशे बारा."

"घरचं कोण हाय का?"

"मीच आहे. वरून तिसरी ओळ. पिवळी साडी."

मल्लेशमनं नळ बंद केला. पाणी थांबल्यावर एकदम शांत झालं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि दोन पावलं मागं सरून वर बघितलं. किती वेळ बघत होता! मागावरून उतरलेली चादर धाग्याधाग्यानं तपासावी तसं.  एकतीस घरांतून पाकिटं परत यायची तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी असायचे, तशी उभी राहिले.

"मॅडम," तो म्हणाला, "कोपराला हिरवं काय लागलंय?"

"काय?"

"डाव्या कोपराला. पिवळ्यावर हिरवा डाग हाय. चित्र काढणाऱ्याची चूक न्हाई ती, फोटोतच असणार. डाग आमच्या डोळ्यातनं सुटत न्हाई ओ, चाळीस वर्षं चादरी तपासल्यात. आणि तोंड बघा, हसू दाबलंय तुम्ही. कशाचं हसू?"

एकतीस घरं. चाळीस-पन्नास माणसं तरी असतील त्या घरांत. नाक, रंग, उंची, चष्मा, सगळ्याची चौकशी झाली होती. हे कुणी विचारलं नव्हतं.

"ती खिडकी खोटी होती," मी सांगायला लागले. "पुठ्ठ्याची. गड्ड्यातल्या स्टुडिओवाल्यानं त्याच दिवशी सकाळी हिरवा रंग मारला होता आणि सुकलाय म्हणाला. मी कोपर टेकवलं अन् चिकटलंच की. साडी मावशीची, मागून आणलेली. आई समोर उभी, सरळ बस, हसू नको, दात दिसतात, असं चाललंय तिचं. मला हात सोडवता येईना आणि सांगताही येईना. फोटोवाल्याला कळलं होतं. तो कॅमेऱ्याआड तोंड लपवून हसत होता, नुसते खांदे हलत होते त्याचे..."

"अन् आई?"

"घरी गेल्यावर कळलं तिला. रॉकेल लावून घासत बसली. आधी मला शिव्या घातल्या, मग स्वतःच हसायला लागली. मावशीला साडी परत दिली ती डाग आत घडी करून. मावशीला बिचारीला—"

मल्लेशम मोठ्यानं हसला. टपरीवरच्या बाकावरचे दोघेजण आमच्याकडं वळून बघायला लागले, भिंत सोडून.

मी वर बघितलं तेव्हा साडीचा पिवळा गेला होता. आधी रंग जातो, मग रेघा. मान, हात, चौकट, एकेक विरत गेलं. कोपरावरचा हिरवा ठिपका मात्र थोडा वेळ मागं रेंगाळला, का कुणास ठाऊक. आठ-दहा मिनिटांत सगळं पांढरं झालं. शेजारच्या बाळाचा गाल दुपारपर्यंत तिथं पसरायचा होता.

"कुठं होतं कोपर?" मल्लेशमनं विचारलं.

"त्या पांढऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात. चौकट होती तिच्या जरा वर."

"बरं." त्यानं शिडी उचलून चार हात सरकवली आणि पाणी सोडलं. त्या जागी येताना जोर कमी केला.

संध्याकाळी दिवसाचा अहवाल मीच भरला. जागा आठशे बारा, दिनांक, वेळ दहा ते साडेदहा, हजर माणसं दोन, नजरा शून्य. पुन्हा एकदा तपासलं. बरोबर होतं. दोघंही कर्मचारी.